शोभाच्या व्हॅनमधला पिंजरा

डोकं नसलेला बोल्ट ज्यानं पहिल्यांदा बनवला, तो माणूस मला एकदा भेटायला हवा होता. माझ्या शेडमध्ये एक मोडकं स्टूल आहे. त्यावर त्याला बसवला असता, हातात पाना दिला असता आणि म्हटलं असतं, साहेब, आता तुमचा तुम्हीच काढून दाखवा. चहा मी पाजतो, संध्याकाळपर्यंत बसा.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणताना संपादकबाई म्हणाल्या होत्या, "ओव्हाळ, हलकंफुलकं येऊ द्या. गिऱ्हाइकांच्या गमतीजमती." बाईंना माझा स्वभाव माहीत नाही. माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान सोमाटणे फाट्यावर जुन्या हायवेला आहे, त्याआधी लोणावळ्यात होतं, आणि सगळी हयात गाड्यांच्या वायरी धुंडाळण्यात गेली. गमती आठवायला बसलो की आधी रागच आठवतो. तेव्हा ज्याला हलकंफुलकं हवंय त्यानं सरळ पाककृतींचं पान काढावं, मी वाईट वाटून घेणार नाही.

हल्लीच्या प्रत्येक गाडीत एक कॉम्प्युटर असतो. टेबलावरचा नव्हे. जेवणाच्या चपट्या डब्याएवढी ॲल्युमिनियमची पेटी, तिला वायरींचे दोन जाडजूड जुडगे जोडलेले. इंजिनात पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे सगळं ती पेटी ठरवते. ती गेली की गाडी बाहेरून कितीही चकाचक असो, आतून मेलेलीच. अशी महागामोलाची वस्तू, त्यामुळे ती चोरीला जाते. चोरीला जाते म्हणून बऱ्याच कंपन्या तिच्यावर लोखंडी ब्रॅकेट चढवतात आणि त्याला ते बोल्ट लावतात, ज्यांच्यापासून मी सुरुवात केली. हे बोल्ट आवळत नेले की शेवटी त्यांचं डोकं तुटून पडतं. मुद्दाम तसेच बनवलेले असतात. मागे उरतो गुळगुळीत गोल बुंधा. त्याला पाना लागत नाही, पकड लावली तर घसरते.

आता चोर काय करतो ते ऐका. चोर बोल्ट सोडवत बसत नाही. तो पहार घालतो, ब्रॅकेटसकट पेटी उचकटतो, वायरी कापतो आणि पसार होतो. बोल्ट सोडवत कोण बसतं? मी बसतो. आणि गाडीचा मालक डोक्यावर उभा राहून विचारतो, अजून किती वेळ लागेल? ज्याला अडवायला हे केलं तो अडत नाही, ज्याची गाडी आहे तोच अडतो. एकदा कंपनीच्या एका माणसाला मी हे विचारलं. तो म्हणाला, "पॉलिसी आहे." त्यानं माझा चहा मात्र घेतला.

लोणावळ्याच्या दुकानात पावसाळाभर माझा रक्तदाब वाढलेला असायचा. भुशीच्या रस्त्याला पाणी वाहायला लागलं की मुंबईपुण्याची मंडळी त्यात गाड्या घालून फोटो काढायची. एका गृहस्थांची नवीकोरी गाडी दोरीनं ओढत माझ्या दारात आणली. त्यांच्या मित्रानं सांगितलं, यांनीच म्हटलं होतं, पाणी बोनेटवरून गेलेलं फोटोत दिसलं पाहिजे. मी अर्धा दिवस खपून कंपनीचं ब्रॅकेट काढलं, पेटी तिरकी केली, तर आतून पाणी गळायला लागलं. गृहस्थ म्हणाले, "वॉरंटीत बसेल ना हो?" मी म्हटलं, "बसेल की. फक्त तो फोटो कंपनीला दाखवू नका." ते रागावले. मीही रागावलेलोच होतो, त्यामुळे हिशेब बरोबर झाला.

दुसरा एक होता कोंबड्यांचा पिकअपवाला. हा फराळाचा स्टीलचा डबा घेऊन आला. मला वाटलं, चकल्या आणल्या. उघडतो तर आत गाडीचा कॉम्प्युटर. "मेस्त्री, ब्रॅकेट निघत नव्हतं, तर ग्रायंडर लावला. निघालं बघा कसं." निघालं होतं खरं, आतल्या सर्किटची कड कापून निघालं होतं. त्याच्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता की मला ओरडताही येईना. मी डबा त्याला परत दिला आणि म्हटलं, पुढच्या वेळी यातून चकल्याच आण.

म्हणून ज्यांना हे काम करायचंय त्यांना सांगून ठेवतो. आधी बॅटरीच्या मायनसची वायर काढायची, आणि पेटीला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. बाकी ठिकाणी बोल्टाचा बुंधा अडला की आम्ही त्यावर नट वेल्ड करतो आणि नटाला पाना लावून फिरवतो. कॉम्प्युटरजवळ वेल्डिंग म्हणजे त्याचा खून. ग्रायंडर नको, गॅस नको. उरतो हात. गंजावर तेल सोडायचं, वाट पाहायची, छन्नीची धार बुंध्याच्या कडेला लावून हलके ठोके द्यायचे, उलट्या दिशेनं. नाहीच ऐकलं तर हॅक्सॉचं पान हातात धरून बुंध्यावर खाच पाडायची आणि त्यात स्क्रू ड्रायव्हर बसवायचा. माझ्यासारख्या तापट माणसाच्या वाट्याला असलं सबुरीचं काम आलं. काम चालू असताना मी बोलत राहतो. बोलतो म्हणजे शिव्या देतो. त्यानं हात स्थिर राहतो.

आता शोभाचं सांगतो. खरं म्हणजे हे सगळं तिच्यासाठीच लिहायला घेतलंय.

शोभा घोरावाडी स्टेशनच्या पलीकडच्या एका गावातली. नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. तो आजारात गेला, तेव्हा गाडी नुसती अंगणात उभी राहिली. शोभानं लायसन काढलं आणि तीच गाडी चालवायला लागली. गावात दोन दिवस हसले, मग लोकांना सवय झाली. आणि एक गोष्ट अशी झाली की ती कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. गावाच्या वर डोंगराला लागून एक वाडी आहे. तिथल्या मुली सातवी झाली की घरी बसायच्या, कारण पुढची शाळा लांब आणि व्हॅनचा ड्रायव्हर परका बाप्या. गाडी बाई चालवते म्हटल्यावर त्या मुली आठवीला, नववीला जायला लागल्या. शोभाची व्हॅन वर वाडीपर्यंत चढायची आणि त्यांना घेऊन उतरायची.

तिच्या धाकट्या दिराला हे सलत होतं. त्याला सगळे रमेशशेठ म्हणतात. जमीन विकून जेसीबी घेतले, स्वतःच्या दोन व्हॅन आहेत, त्यांवर ड्रायव्हर ठेवलेत. माणूस वाईट आहे असं मी म्हणणार नाही. भावाच्या आजारपणात धावपळ त्यानंच केली होती. पण आपल्या घरातली बाई स्टेअरिंगवर बसते, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरत नव्हती.

मध्यंतरी आमच्या पट्ट्यात कॉम्प्युटर चोरणारे सुटले होते. जुन्या हायवेच्या कडेला लावलेल्या व्हॅन सकाळी बघावं तर मेलेल्या. शोभाच्या मॉडेलला कंपनीचं ब्रॅकेटही नसतं. पेटी पुढच्या सीटखाली साध्या क्लिपांवर बसलेली. मग आमच्या लोकांनी शक्कल काढली. एकजात सगळे फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले, जो खिडक्यांच्या जाळ्या आणि गेटं बनवतो त्याच्याकडे, आणि जाड पत्र्याचे पिंजरे करून कॉम्प्युटरवर ठोकून घेतले. वर बोल्टांची डोकी ग्रायंडरनं उडवून टाकली. मी कंठशोष करून सांगितलं, अरे उद्या आत काही बिघडलं तर उघडणार कसं? तर म्हणे, "मेस्त्री, उघडायचंच न्हाई म्हणून तर केलंय."

शोभाच्या व्हॅनला पिंजरा रमेशशेठनं बसवला. तिला विचारलंसुद्धा नाही. टायरात हवा भरून आणतो म्हणून गाडी नेली आणि पिंजरा ठोकून आणली.

त्यानंतर गाडी रुसायला लागली. चालता चालता मध्येच बंद पडायची, मग आपोआप चालू व्हायची. एकदा मुलं भरलेली असताना चढावर बंद पडली. दिवाळीच्या सुटीत शोभा गाडी सर्व्हिस सेंटरला घेऊन गेली. ते म्हणाले, कॉम्प्युटर गेलेला दिसतोय, पण तो पिंजरा बाहेरचा आहे, आम्ही हात लावणार नाही, काढून आणा. फॅब्रिकेशनवाल्याकडे गेली. तो म्हणाला, शेठनी बसवलाय, शेठला विचारून सांगतो. दिराकडे गेली. दीर म्हणाला, "इकून टाका ती गाडी, वहिनी. शाळा उघडली की पोरं माझ्या व्हॅनीत बसत्याल. तुमी कशाला तरास घेता?"

कॉम्प्युटर तिच्या गाडीतला. सीट तिची. आणि ती उघडायला तिला तीन दारं फिरावी लागली आणि तिन्हीकडून परत पाठवलं. हे तिनं मला सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाऊ, कॉम्प्युटर गेलाय म्हणत्यात," शोभा म्हणाली. "खरं का खोटं तेवढं बघून सांगा. खरं असलं तर गाडी इकायची का ठिवायची ते मी बघंन."

"पिंजरा काढल्याशिवाय सांगता येणार नाही."

"मग काढा की."

"वेळ लागेल. कधीपर्यंत हवीय गाडी?"

"सोमवारी शाळा उघडती. सोमवारी गाडी वाडीत न्हाई आली तर पोरी घरी बसल्या म्हणून समजा. त्यांच्या बापांनी मला तोंडावर सांगितलंय, तू चालवती म्हणून धाडतो. भाऊजींच्या ड्रायव्हरसंगं न्हाई धाडणार. आन एकदा बसल्या की परत कोण उठवतंय त्यांना?"

मी बॅटरीचा मायनस काढला, सीट बाहेर घेतली आणि आडवा झालो. आत पाहिलं तर काय, बोल्टांची डोकी उडवलेली होतीच, वर दोन कोपऱ्यांना वेल्डिंगचे टाके मारलेले. तिजोरीला इतकं करत नाहीत. मी तेल सोडलं आणि छन्नी घेतली. शोभा स्टुलावर बसून टॉर्च धरत होती. पहिला बोल्ट जेवणाच्या वेळेपर्यंत हलला. दुसऱ्याला खाच पाडावी लागली. पान तिरकं धरून, एकेक ओढ अशी की खाली पेटीला घासू नये. माझं तोंड चालू होतं. शोभा मध्येच म्हणाली, "भाऊ, शिव्या भाऊजींना देताय का बोल्टाला?" मी म्हटलं, आत्ता बोल्टाला देतोय, त्यांची पाळी यायचीय.

त्यांची पाळी दुपारीच आली. रमेशशेठ शेडमध्ये शिरला, मागे फॅब्रिकेशनवाला, त्याच्या हातात ग्रायंडर.

"ए ओव्हाळ, कुणाला इचारून हात लावला रं?"

माझा थोरला मुलगा रमेशशेठच्या वयाचा आहे. मी गाडीतून बाहेर आलो नाही. शोभाच म्हणाली, "मी सांगितलंय त्यांना."

"वहिनी, तुमच्या भल्यासाठीच बसवलंय त्ये. आन काढायचाच असला तर ह्यो दोन मिन्टात काढतोय. ग्रायंडर आणलाय."

मग मात्र मी उठलो आणि गाडीच्या दारात उभा राहिलो. "ग्रायंडर आत जाणार नाही," म्हटलं. "पेटी जाईल. आणि पेटी गेली की उद्या गावभर काय होईल, तर ओव्हाळनं मारली. आमच्यावर बिल फाडायला या तालुक्यात कुणाला वेळ लागत नाही. माझ्या शेडमध्ये माझ्या हातानं काम होईल, नाहीतर गाडी ढकलत घेऊन जा."

माझा आवाज चढला होता. शेजारचा पंक्चरवाला येऊन उभा राहिला. रमेशशेठ शोभाकडे बघायला लागला, ती उठून काही बोलेल म्हणून. ती म्हणाली, "भाऊ, टॉर्च कुटं धरू?" मी परत आडवा झालो.

तुमच्या भल्यासाठी. ह्या दोन शब्दांचा मला जितका राग येतो तितका त्या बोल्टाचाही येत नाही. दिराला तिचं वाईट करायचं असतं तर एक वेळ समजलं असतं. दुष्ट माणसाशी भांडता येतं. पण भलं करायला निघालेल्या माणसाला हात कुठं धरायचा? तो न विचारता येतो, ठोकून जातो आणि वर उपकार ठेवतो. विचारलं का नाही म्हटलं तर त्यालाच वाईट वाटतं.

वेल्डिंगचे टाके मी कानशीनं घासून काढले. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा उन्हं कलली होती आणि माझ्या मनगटात जीव उरला नव्हता. पिंजरा उचलला. आत पेटी, एवढ्या वेल्डिंगनंतरही नशिबानं ठणठणीत. ओरखडासुद्धा नाही. आणि पिंजऱ्याच्या खालच्या धारेत वायरींचा जुडगा चेमटलेला. बसवणाऱ्यानं तो बाजूला न घेता तसाच दाबून वरून ठोकलं होतं. गाडीच्या हादऱ्यांनी ती धार वायरींत घुसत गेली होती. एका वायरीचं आवरण पार कापलं जाऊन तांबं उघडं पडलं होतं. ते पिंजऱ्याला टेकलं की गाडी बंद, सुटलं की चालू. कॉम्प्युटरचा काही दोष नव्हता. पिंजराच गाडी बंद पाडत होता.

मी शोभाला खाली वाकून बघायला सांगितलं. तिनं बघितलं. मग रमेशशेठला म्हणाली, "तुमी बी बघा." तोही वाकला.

वायर जोडली, तिला नळी चढवली, जुडगा नीट बांधला, मायनस लावला. शोभानं किल्ली फिरवली. मागे पेट्रोलच्या पंपाची बारीक घरघर ऐकू आली. ती ऐकली की मला कळतं, आता इंजिन चालू होणार. गाडी चालू झाली.

रमेशशेठ म्हणाला, "आता परत बसवताना वायर बाजूला घ्या म्हंजे झालं."

"नको," शोभा म्हणाली.

"आन चोरीला गेलं मग?"

"गेलं तर माझं जाईल."

सोमवारी व्हॅन वाडीत गेली. इथंच लिहिणं थांबवलं असतं तर संपादकबाईंना हवं तसं गोड झालं असतं. पण तसं झालं नाही. थंडी पडली आणि एका सकाळी शोभाचा फोन आला, "भाऊ, कॉम्प्युटर गेला. आता खराच गेला." मी जाऊन पाहिलं. दाराची काच फोडलेली, सीट उलटी, कापलेल्या वायरी लोंबत होत्या. तिनं पिंजरा नको म्हटलं होतं खरं, पण तिला बळ माझ्याच शेडमध्ये आलं होतं. अंगणात रमेशशेठ उभा होता. त्यानं आधी फुटलेल्या काचेकडं बघितलं, मग माझ्याकडं.

जुन्या मॉडेलची पेटी लगेच मिळत नाही, आणि मिळाली तरी तिला आधी किल्लीची ओळख करून द्यावी लागते, नाहीतर ती गाडी चालूच करत नाही. मला वाटलं, संपलं. मुली घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडत होतो तर फाट्यावरून शोभा चालत येताना दिसली. मागे वाडीच्या मुली, पाठीला दप्तरं, एका रांगेत, हायवेच्या कडेनं. डोंगरावरून उतरून चालत आल्या होत्या. शोभा पुढं, हात आडवा करून ट्रक थोपवत होती. मागून रमेशशेठची व्हॅन आली, थांबली, दार सरकलं. ड्रायव्हर म्हणाला, बसा, शेठनी सांगितलंय. एकही मुलगी बसली नाही. व्हॅन थोडा वेळ त्यांच्या चालीनं हळूहळू चालली आणि मग निघून गेली. संध्याकाळी शोभा त्यांना तशीच परत घेऊन गेली. पेटी येईपर्यंत रोज.

पेटी आली. तिच्या अंगणात मी ती बसवत होतो तेव्हा रमेशशेठ फॅब्रिकेशनवाल्याला घेऊन आला. त्याच्या हातात टेप होता.

"वहिनी, आता तरी ऐका. वायर बाजूला घेऊन नीट करतो. माप घिऊ द्या त्याला."

शोभा माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. ती उठली नाही. "भाऊजी, चोरानं गाडी बंद पाडली तर पोरी माझ्यासंगं चालत आल्या. तुमच्या पिंजऱ्यानं पाडली तवा मी गाडी इकायला निघालते."

मग मला म्हणाली, "भाऊ, ह्ये काढायचं कसं ते मला दाखवा."

मी दाखवलं. आधी मायनस. मग लोखंडाला हात. मग वायरी पेटीला जोडणाऱ्या कपलरची खिट्टी वर, जुडगा सरळ ओढायचा, हिसका द्यायचा नाही. मग क्लिपा. तिनं माझ्यासमोर दोनदा काढलं, दोनदा बसवलं. दुसऱ्या वेळी मी हात मागे बांधून उभा होतो. फॅब्रिकेशनवाल्यानं टेप खिशात घातला.

"रोज संध्याकाळी काढून घरात नेणार व्हय?" रमेशशेठनं विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "आन सकाळी पोरी उतरायच्या आत बसवणार."